माळ्यावरची हाळी

पिंपळवाडे, ता. एरंडोल
१२ जानेवारी २०२५

तुझ्या तोंडातून जे निघालं ते मी काल माझ्या कानांनी ऐकलं. ललित, आशीर्वाद वगैरे नंतर बघू. आधी बस आणि वाच. उभ्यानं वाचू नको.

फोन मी मुद्दाम केला नाही. फोनवर तू "हो अक्का, हो अक्का" करतोस आणि रेंज गेली म्हणतोस. कागदाची रेंज जात नाही. चौथीपर्यंत शिकले, तेवढं नातवाला झोडायला पुरतं.

काल मी ओट्यावर तूर पाखडत होते. ज्योती मोबाइल घेऊन आली. म्हणाली, दादा ज्या कबड्डीला गेला होता ना धुळ्याला, तिथं भांडण झालं. जळगावच्या संघातली एक पोरगी चढाईला आली. पावऱ्याची पोर, शिरपूरकडच्या आदिवासी पाड्यावरची, दिपमाला नाव. सावळी नाही, चांगली काळीभोर, आणि पायात वीज. तिनं दम धरला आणि गॅलरीतून हाळी आली. आधी एकाची. मग दहा जणांची. मग बठ्ठी गॅलरी तेच ओरडायला लागली: "हुऽऽप, हुऽऽप, काळतोंड्या, डोंगरमा जाय."

ती पोर मधल्या रेषेवर थांबली. दम तुटला. मग मॅट सोडून कठड्यावर चढली आणि समोर बसलेल्या पोराच्या थोबाडीत दिली. तो पोरगा हितेंद्र. तुझ्या खोलीत राहतो तोच, गेल्या आखाजीला आपल्याकडे मांडे खाऊन गेला तो. ज्योती म्हणाली, पंचांनी पोरीला बाहेर काढलं आणि आता तिच्यावर वर्षाची बंदी घालणार आहेत, कारण काही केलं नसलेल्या प्रेक्षकाला तिनं मारलं.

बरोबर आहे. हितेंद्रनं काही केलं नाही. त्याच्या तोंडात शेंगा होत्या, फिल्ममध्ये स्पष्ट दिसतं. शेंगा चावत कोणाला हुप म्हणता येत नाही.

परदेशात आपल्या क्रिकेटच्या पोरांना गोऱ्यांनी काळं म्हणून डिवचलं, तेव्हा टीव्हीसमोर ताटावरून कोण उठलं होतं? तूच. मला शब्दही तूच शिकवलास, वंशवाद. मी विचारलं, म्हणजे काय रे? तू म्हणालास, अक्का, माणसाला कातडीवरून जनावर समजणं. मला तेव्हा पटलं. तुला पटलं नव्हतं वाटतं.

पहिली हाळी कोणाची ते मला ठाऊक आहे. तुझ्या हातचं उत्तर पाहिजे.

भागाबाई


धुळे
१८ जानेवारी २०२५

ती. अक्का,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मेसमध्ये उघडलं आणि पहिल्या ओळीलाच घडी घालून खिशात ठेवावं लागलं. अक्का, तुझा काहीतरी गैरसमज झाला आहे.

गॅलरीत पाचशे माणसं होती. घरचं मैदान म्हटल्यावर पाहुण्या संघाची हुर्यो उडवतातच. दोंडाईच्याची एक गोरीपान खेळाडू आहे, तिलाही आम्ही सोडत नाही. मागच्या वेळी तिला "पावडरचा डबा" म्हणून ओरडलो, ती हसून खेळली. खेळाडूचं कातडं जाड हवं. दिपमाला आपल्या धुळे जिल्ह्याची असून जळगावकडून खेळते, म्हणून लोक जरा जास्त चिडलेले होते. यात जातीचा, रंगाचा विषय कोणाच्या मनातही नव्हता. उगाच सोशल मीडियावर वाढवून ठेवलं आहे.

एवढ्या गोंगाटात मोबाइलच्या स्पीकरवरून तू आवाज कसा ओळखलास ते मला समजत नाही. तुझा डावा कान तर बंदच आहे.

हितेंद्र बरा आहे. त्याचा गाल दोन दिवस सुजला होता. तो समजूतदार आहे, त्यानं तक्रारसुद्धा केली नाही. बंदीचं स्पर्धेची शिस्त समिती बघते, आपला त्यात काय संबंध.

एक विनंती. ज्योतीकडे जी फिल्म आहे ती पूर्ण आहे. बाकी सगळीकडे फिरते आहे ती फक्त थोबाडीत मारतानाची. ज्योतीला ती पूर्ण फिल्म डिलीट करायला सांग. माझा पोलीस भरतीचा फॉर्म भरलेला आहे. मैदानी चाचणी पुढच्या महिन्यात. चारित्र्य पडताळणी असते, कुठं नाव आलं आणि कोणी अॅट्रॉसिटी लावली तर तीन वर्षांचं पळणं वाया जाईल. आबांना यातलं काही सांगू नको, तुझ्या लेकाचं बीपी लगेच वाढतं.

तब्येतीची काळजी घे.

तुझा,
ललित


पिंपळवाडे
२१ जानेवारी २०२५

ओरडणारा तू नव्हतास, तर फिल्म पुसायची कशाला?

हे लिहिताना तुझ्या लक्षात कसं आलं नाही याचंच मला नवल वाटतं. पोलीस व्हायला निघालास आणि चोरी अशी करतोस की चौथी शिकलेल्या बाईला सापडते.

कान डावा बंद आहे, उजवा चालतो. आणि ती हाळी ओळखायला मला कानच लागत नाही, कारण ती हाळी माझी शे.

तुझे आजोबा ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसायचे आणि कणसं वानरांना खाऊ घालून स्वतः घोरायचे. मग मीच चढले. चार बल्ल्या, वर दोन फळ्या, अंगावर पदर आणि हातात गोफण. गोफण मला जमेना, दगड मागंच जायचा. म्हणून घसा वापरला. पहिला हुप पोटातून. दुसरा नाकातून, आणि दुसऱ्याच्या शेवटाला आवाज फाटतो. तो मी फाडत नव्हते, तो फाटायचाच, लहानपणी डांग्या खोकल्यानं घसा गेला होता माझा. मग ते पुढचं, काळतोंड्या, डोंगरमा जाय. वानराचं तोंड काळं असतं आणि ते डोंगरातून येतं, म्हणून. या शिवारात दुसरं कोणी असं ओरडत नाही. तू लहानपणी शिकलास तेव्हा तो फाटका आवाजही शिकलास. तुझा घसा धडधाकट असून.

फिल्ममधली पहिली हाळी दुसऱ्या हुपला फाटते. मागची पाचशे माणसं सरळ ओरडतात. त्यांचा नाही फाटत.

माझं खोटं वाटत असेल तर बिजल्याचं ऐक. कुत्र्याचं वय झालं, डोळ्यांत मोतीबिंदू, दिवसभर बाजेखाली पडून असतो. तुझं पत्र आल्यावर मी ज्योतीला म्हटलं, लाव पुन्हा ती फिल्म, मोठ्यानं. हाळी आली आणि आंधळं कुत्रं उठून थेट बांधाकडं पळालं, वानरं हाकलायला. तिथं जाऊन भुंकत उभं राहिलं. वानर एक नव्हतं. ज्योती हसली. मी नाही हसले. कुत्र्याला सुद्धा एवढं कळतं की ही हाळी वानराला द्यायची असते. तू ती माणसाला दिलीस, तेही पोरीला, ती बिचारी दम धरून एकटी उभी असताना.

आणि मग हितेंद्रच्या मागं डोकं खाली घातलंस. तेही दिसतं. तुझी थोबाडीत त्यानं खाल्ली.

फिल्म पुसलेली नाही. आता असं कर. शिस्त समितीला लिही, हाळी मी दिली, पोरीचा माणूस चुकला, कारण नाही चुकलं. एवढ्या चार ओळी. भरतीचं मला सांगू नको. तू पोलीस झाल्यावर असली पोर चौकीत तक्रार घेऊन आली तर तिला काय म्हणशील, डोंगरमा जाय?

भागाबाई


धुळे
२४ जानेवारी २०२५

अक्का,

बरं. मीच होतो. झालं समाधान?

आता माझंही ऐक. तू लिहितेस, ती हाळी वानराला द्यायची असते. हे तू मला सांगतेस?

मी सहा वर्षांचा होतो. पहिलीची दिवाळीची सुट्टी. भुईमूग उपटायला डोंगरातून पावऱ्यांच्या टोळ्या आल्या होत्या, आपल्याकडे नाही, शेजारच्या वावरात. दुपारी त्यांच्या तीन बायका आपल्या विहिरीवर पाणी भरायला आल्या. तू माळ्यावर होतीस, मी तुझ्याजवळ. तू मला कोपरानं ढोसलंस आणि म्हणालीस, बघ आता गंमत. आणि हाळी दिलीस. पूर्ण. काळतोंड्या, डोंगरमा जाय.

त्या पळाल्या. एकीची कळशी विहिरीच्या काठावर राहिली. तू तोंडात पदर कोंबून हसलीस. मग मला म्हणालीस, आता तू दे. मी दिली. तू मला गुळाचा खडा दिलास आणि संध्याकाळी आबांना सांगितलंस की माझा नातू राखणदार झाला.

तो फाटका आवाज मी त्या दिवशी शिकलो. वानरांवर नाही.

परवा गॅलरीत मी काही ठरवून ओरडलो नाही. ती चढाईला आली आणि तोंडातून ते आपोआप निघालं. लोक हसले. तू हसली होतीस तसेच. म्हणून दुसऱ्यांदा दिली.

मला वंशवाद शिकवू नको. तुला समितीला पत्र पाहिजे तर आधी तू लिही. मी भरती सोडणार नाही.

ललित


पिंपळवाडे
२ फेब्रुवारी २०२५

दिपमाला पावरा हिस,

तू मला ओळखत नाहीस. तुमच्या कॉलेजचे खेळाचे शालिग्राम सर यांच्याकडून ज्योतीनं, म्हणजे माझ्या नातीनं, पत्ता मिळवला. तू जळगाव सोडून पाड्यावर परत गेलीस असं ते म्हणाले. मी एरंडोलजवळची भागाबाई, वय सत्तरच्या पुढं, नक्की माहीत नाही.

धुळ्याला तुझ्यावर जी पहिली हाळी आली ती माझ्या नातवाची. तू ज्याला मारलंस तो त्याचा दोस्त. माझा नातू मागं लपला होता.

एवढंच लिहून थांबणार होते. पण नातवानं मला एक गोष्ट आठवून दिली, ती मी विसरले होते. विसरले होते म्हणजे बाजूला ठेवली होती. आठ दिवस मी ती खोटी ठरवायचा प्रयत्न केला. ठरेना.

ती हाळी मी केलेली आहे, वानरांसाठी. आणि सोळा-सतरा वर्षांपूर्वी मी ती तुमच्याकडच्या तीन बायांवर टाकली, आमच्या विहिरीवर पाण्याला आल्या म्हणून. त्यांनी काही उचललं नव्हतं, काही तोडलं नव्हतं. पाणी विहिरीत भरपूर होतं. मला फक्त हसायचं होतं. पोरालाही मीच शिकवलं आणि वर गूळ दिला.

एकीची कळशी राहिली. ती परत द्यायला मी गेले नाही. तांब्याची, चांगली जड. ती आमच्या मोरीत आहे. इतकी वर्षं घरातलं प्रत्येक माणूस त्या कळशीच्या पाण्यानं आंघोळ करतं. मी रोज चिंचेनं घासते, चकचकीत ठेवते. काल घासायला घेतली आणि हात लावायची किळस आली. कळशीची नाही. हाताची.

मी हे रडून लिहीत नाही. मला रडायची सवय नाही. तुझ्या माहितीसाठी लिहिते. कळशी कोणाची ते तुला कळण्यासारखं असेल तर सांग, मी पाठवते. तुझ्या बंदीचं काय होणार तेही लिही. तू मला माझ्या नातीसारखी

(हे वाक्य खोडलं आहे. वाचू नको.)

भागाबाई


बोराडीजवळ, ता. शिरपूर
१० फेब्रुवारी २०२५

भागाबाई आजींना,

पत्र मिळालं. खोडलेलं वाचलं. खोडलंत ते चांगलं केलंत.

कळशी कोणाची ते मला कसं कळणार? तिकडं दरवर्षी शंभर बाया जातात. माझी आई पण जायची, पण तिची कळशी घरी आहे, मी विचारून पाहिलं. तुमची तुमच्याकडे ठेवा. मला पाठवू नका. मी ती घेऊन दारोदार फिरू का?

तुमच्या नातवाच्या ओरडण्यानं मी जळगाव सोडलं असं समजू नका. असलं मी आश्रमशाळेपासून ऐकते. खेळताना कान बंद करता येतात, सरांनी शिकवलंय. त्या दिवशी कान बंद होते. पण दुसऱ्यांदा हाळी आली तेव्हा मी आमच्या बाकाकडं पाहिलं आणि आमच्याच संघातली एक जण तोंड फिरवून हसत होती. ती माझ्या ताटात जेवते. तिथं माझा दम तुटला. मग समोर जो दिसला त्याला मारलं.

त्याला मारलं ती माझी चूक. त्याला मी फोन करून सांगितलं. तो म्हणाला, जाऊ दे ताई, मला माहीत आहे कोण होता, पण मी नाव नाही सांगणार, आम्ही एका खोलीत राहतो. चांगला आहे तो, पण त्याच्या चांगलेपणाचा मला काही उपयोग नाही.

समितीची सुनावणी २५ फेब्रुवारीला धुळ्याला आहे. ते म्हणतात, ओरडणाऱ्यानं स्वतः लिहून दिलं तर बंदी उठेल, नाहीतर विनाकारण मारहाण म्हणून एक वर्ष. वर्ष गेलं तर राज्य स्पर्धा गेली. राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळालं तर मला खेळाडू कोट्यातून पोलीस भरतीला बसता येतं. नाही मिळालं तर पुढच्या दिवाळीला मीही टोळीबरोबर भुईमूग उपटायला येईन, तुमच्याच बाजूला.

तुमच्या नातवाला माझ्या पाया पडायला पाठवू नका. मला त्याचं तोंड बघायचं नाही. कागद पुरे.

आणि आमच्याकडे पण वानरं येतात. आम्ही डबा वाजवतो. त्यांना काही बोलत नाही.

दिपमाला


पिंपळवाडे
१५ फेब्रुवारी २०२५

भरती सोडणार नाही म्हणालास. सोडू नको. पण तुला जी नोकरी पाहिजे तीच त्या पोरीलाही पाहिजे, हे तुला माहीत होतं का? मला नव्हतं. तिचं पत्र यात घातलं आहे. दोनदा वाच. पहिल्यांदा राग येईल, म्हणून दुसऱ्यांदा.

तुझ्या मागच्या पत्राला मी इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण ते खरं होतं. तीन बाया, विहीर, गूळ, बठ्ठं खरं. एक राहिलं. मी पदर तोंडात कोंबून हसले ते लाज वाटून नाही, मोठ्यानं हसले तर बाया मागं वळून बघतील म्हणून. वानरं त्या दिवशी पलीकडच्या बांधावर शांत बसली होती आणि कणसं खात होती. त्यांना मी काही म्हटलंच नाही. हे तुला माहीत नव्हतं. आता माहीत असू दे.

तू म्हणालास, आधी तू लिही. लिहिलं. शिस्त समितीला परवा रजिस्टर पोस्टानं गेलं. ज्योतीकडून नाही लिहून घेतलं, माझ्याच अक्षरात आहे, वेलांट्या चुकल्या असतील. लिहिलं की ही हाळी भागाबाईनं वानरांसाठी केली, माणसांवर वापरली आणि नातवाला शिकवली. दिपमालानं विनाकारण मारलं नाही, कारण पाचशे जणांच्या आधी एकाच्या तोंडातून निघालं, आणि ते ज्याच्या तोंडातून निघालं त्याला तिनं मारायला हवं होतं, हात फक्त एक खुर्ची चुकला. सुनावणीच्या दिवशी मी येणार आहे. सकाळच्या एसटीनं. पूर्ण फिल्म ज्योतीच्या मोबाइलमध्ये बरोबर असेल. तिथं साहेबांसमोर उभी राहून ती हाळी देईन, दुसऱ्या हुपला फाटेल तशी, म्हणजे त्यांना जुळवून बघता येईल. सत्तरीची बाई भर सभेत हुप हुप करताना बघून त्यांनाही किळस येईल. येऊ दे. मला रोज येते.

तुझ्या आबाला सांगितलं. बीपी वाढलं नाही. तो उठला, मोरीतली कळशी घेऊन विहिरीवर ठेवून आला. साखळीनं बांधून. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणीही पाणी काढून प्यावं म्हणून. जेवला आणि वावरात गेला. माळ्याच्या बल्ल्या उतरवून ठेवल्या आहेत. वानरांसाठी तेलाचा रिकामा डबा टांगला. वाजतो चांगला. बिजल्या त्याला उठत नाही, त्याला शिकायला वेळ लागेल, म्हातारा झाला.

समितीच्या पत्रात तुझं नाव मी लिहिलेलं नाही. "माझा नातू" लिहून पुढं जागा मोकळी सोडली आहे, बोटभर. ती तू भरायची. चोवीस तारखेपर्यंत तिथं जाऊन, तुझ्या हातानं. पंचवीसला मी पोचेन तेव्हा ती मोकळी असली, तर मी भरीन. मला तुझं नाव लिहिता येतं. बारशाला ते मीच ठेवलं होतं.

केस होईल का, भरती जाईल का, मला माहीत नाही. होईल ते होईल. त्या पोरीचं जाणारच आहे, तेही तुझ्यामुळं. तेव्हा तुला भीती वाटत नव्हती.

या पत्राला मला उत्तर देऊ नको, मी उघडणार नाही. दिपमालालाही लिहू नको, तिनं नको म्हटलं आहे. आबानं तुझ्या वतीनं काही लिहायचं नाही आणि हितेंद्रनंही नाही. उत्तर तू द्यायचं, समितीला, पूर्ण नाव-गावासकट. आणि त्याची एक नक्कल हितेंद्रच्या उशाशी ठेवायची. त्यानं तुझी थोबाडीत खाल्ली आहे, त्याला पोच मिळायला पाहिजे.

भागाबाई